ती मराठी नव्हती

११ फेब्रुवारी, मंगळवार

माफी लिहून देणार नाही. अजिबात नाही!

बंगळूरच्या आमच्या ॲम्ब्युलन्स हेल्पलाइनवर सकाळी दहा वीसचा कॉल. कोरमंगलातून विमला नावाच्या बाई, कन्नडमध्ये बोलत होत्या. शेजारचे वासुदेवकाका आपलं दार सोडून यांच्या दाराला किल्ली लावत होते. घरी दुसरं कुणी नाही. मी स्ट्रोक ओळखायच्या कार्डावरचे तीन प्रश्न विचारले. हसायला सांगा — तोंड वाकडं नाही. दोन्ही हात वर — सरळ. बोलतायत का? "हो हो, भरपूर! एरवी माझ्याशी हिंदी, आज नुसतं मराठी."

तिन्ही ठीक. म्हणजे कार्डाप्रमाणे स्ट्रोक नाही.

मी म्हटलं, "अक्का, स्वल्प फोन त्यांच्या कानाला लावा."

आमची मराठी बसवनगुडीची, निम्मी कन्नड. पुण्याचे लोक हसतात तिला. पण मराठी मला कळते! "काका, नाव काय तुमचं?" तर म्हणाले, "तेच तर भुरगीण, धोळलं ना सगळं, मग तिकडे पासाळून…" हेल पक्का पुण्याचा. "ना", "मग" जागच्या जागी. मधले शब्द मात्र कुठल्याच भाषेतले नाहीत. आणि त्यांना पत्ताच नाही! माझ्या उत्तराची वाट बघत राहिले बिचारे.

शेवटचं नीट कधी बोलले? विमलाक्का म्हणाल्या, साडेनऊला. दुधाचं विचारलं, हिंदीत.

ॲम्ब्युलन्सवर रविकिरण होता. तिथून त्याचा फोन — "साखर नॉर्मल, हातपाय ठीक. जवळच्या नर्सिंग होमला सोडतो." मी म्हटलं, नाही. स्कॅन आणि मेंदूचे डॉक्टर असतील तिथेच. स्ट्रोक म्हणून आधी कळव, साडेनऊची वेळ सांग. "सरी, ठीक आहे," म्हणाला. नेलं.

शिफ्ट संपताना गुरुप्रसाद सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "कार्डावर तिन्ही ठीक, आणि तू स्ट्रोक लावलास? गाडी लांब पाठवलीस? लेखी माफी दे."

१२ फेब्रुवारी

नाही दिली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

स्ट्रोकच! रविकिरण हॉस्पिटलमध्ये जाऊन विचारून आला. डाव्या बाजूला गुठळी, भाषा समजते त्याच भागात. औषध वेळेत मिळालं. आज काकांनी मुलाला नावानं हाक मारली — अद्वैत. बाकी बोलणं अजून विस्कटलेलंच.

सर म्हणाले, "नशीब तुझं."

नशीब? मी ऐकलं, सर! मग मीही सोडलं नाही. म्हटलं, तिसरा प्रश्न बदला. 'बोलतायत का' नको. 'त्यांची भाषा येणाऱ्या माणसाला ते कळतंय का', असं विचारा. या गावात शेजाऱ्याची भाषा शेजाऱ्याला येत नाही. "एका केसवरून कार्ड बदलत नाही," म्हणे. मग सहा महिन्यांची रेकॉर्डिंग काढा! "आपल्या भाषेत बोलतायत" म्हणून बंद केलेले सगळे कॉल. "ऐकणार कोण?" मी!

१७ फेब्रुवारी, सोमवार

परवानगी मिळाली. बहुतेक मी कंटाळेन अशा आशेनं. जेवणाच्या सुट्टीत ऐकतेय. सुप्रीता शेजारी बसते, तिला तेलुगू आणि तमिळ येतं. अकरा कॉल निघाले. ज्यानं ज्यानं न ऐकता कॉल बंद केला त्याचं नाव सरांच्या टेबलावर ठेवणार. बघू, माफी कोण लिहितं!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नववा कॉल. नोव्हेंबर, चिकपेट. दुकानदार सांगतोय, गिऱ्हाईक आजी एकदम काहीतरी बडबडायला लागल्या, तेलुगू असावं. मागे आजींचा आवाज. सुप्रीतानं दोनदा ऐकलं. "हे तेलुगू नाही."

मग आमच्याकडून उत्तर — "बोलतायत ना? सरी, मग घाबरू नका. उद्या डॉक्टरना दाखवा."

माझा आवाज.

यादी दिली सरांना. सगळ्यात वर माझं नाव. दुकानदाराचा नंबर समोर आहे. लावते.