दोन हात सूत्र

॥ श्री ॥
पोलादपूर, माघ वद्य पंचमी, शके १८५५

प्रिय विनू,

अनेक उत्तम आशीर्वाद. कार्तिकातल्या प्रसंगानंतर तू गिरगावात मामाकडे परत गेलीस, त्याला तीन महिने होऊन गेले. या अवधीत तुझ्या आईला तुझी पाच पत्रे आली आणि प्रत्येकाच्या शेवटी 'आप्पांस साष्टांग नमस्कार' एवढी एकच ओळ. तुझे नाव विनीता ठेवताना विनय तुझ्या ठायी यावा अशी माझी इच्छा होती. तो असा मोजूनमापून येईल हे ध्यानी आले नव्हते. असो. मजकूर लांब आहे, परीक्षेच्या अभ्यासाची वेळ सोडून वाच.

कार्तिकी एकादशीला जे घडले त्यात दोष कोणाचा, याचा मी पुष्कळ विचार केला. दासगावच्या मास्तरांचा मुलगा मी जावई म्हणून पाहावा असे तुझ्या मनात. पाहायचा तर माझ्या कीर्तनात साथीला बसवूनच पाहावा असे माझ्या मनात. मुलगा सुस्वरूप, बँकेत कारकून, संध्या मुखोद्गत. ज्याचे नाव मुरारी त्याने बासरी आणली असती तर मी अवाक्षर बोललो नसतो. त्याने गिटार आणले. तेही मी सोसले. परंतु प्रल्हाद खांबापुढे हात जोडून उभा आहे, श्रोते श्वास रोखून बसले आहेत, आता खांब दुभंगणार, अशा क्षणी त्याचे बोट जाड तारेवरून सरकले आणि एखादा प्राणी चिरडावा तसा 'चींक' असा ध्वनी झाला. पुढच्या रांगेतल्या ठमाबाई लुगडे सावरीत उठल्या आणि म्हणाल्या, "चिचुंद्री हाय गो, चिचुंद्री." पुढे यथाकाल नरसिंह प्रकटला, पण त्याच्याकडे पाहण्यास कोणी मोकळे नव्हते, सारी सभा सतरंज्या झटकीत होती.

मुरारीने मागाहून नम्रपणे खुलासा केला. जाड तारेच्या पोटात पोलादाची तार असते व तिच्यावर दुसरी बारीक गोल तार गुंडाळलेली असते. त्या वळ्यांवर बोट घासले की ती चिरकते. गोल तारेऐवजी चपट्या पट्टीने मढवलेली गुळगुळीत तारही असते, पण ती विलायतेहून येते, मुंबईतही क्वचित मिळते, आणि तिचा आवाज किंचित मावळतो. मी तापलेला होतो. म्हणालो, "ती मिळेल तेव्हा या. तोवर लग्नाचा विषय नको." त्याने ती चिरकणारी तार गिटारावरून उतरवली, गुंडाळी करून माझ्या पोथीशेजारी ठेवली आणि नमस्कार करून तो गेला. हा उद्धटपणा की नम्रता, याचा निर्णय मी अद्याप केलेला नाही. दुसऱ्या दिवशी तूही गेलीस.

पोथी उघडली की ती गुंडाळी दृष्टीस पडे. पोलादपुरात जन्म काढूनही मी पोलाद कधी निरखून पाहिले नव्हते. एके दिवशी भिंगाखाली धरून तिची वरची वेढणी उलगडली, आणि पुढे आठवडाभर माझे चित्त पारायणात लागले नाही. चपटी पट्टी करायची तर कोणत्या धातूची? तांबे पूजेत श्रेष्ठ, पण बोटांच्या घामाने त्यावर हिरवा कळंक चढेल, आणि वादकाने प्रत्येक अभंगानंतर चिंचेने हात घासावे हे बरे दिसत नाही. पितळ दिसायला भारदस्त, पण चार दिवसांनी त्याचा वर्ण उतरतो. कासे नादाचे माहेर खरे. परंतु ते वाकत नाही, मोडते. सोने मऊ, आणि गिटाराला सोने व मुलीला काचेचे मणी अशी व्यवस्था तुझ्या आईने चालू दिली नसती. राहिले रुपे. ते काळवंडते, पण राखेने पुसले की पुन्हा पहिल्यासारखे. आत लोखंड, बाहेर रुपे: कठोर देहावर शीतल बुद्धी असावी तसे. हे दृष्टान्तासाठी मी वहीत लिहूनही ठेवले.

गणेशजयंतीच्या कीर्तनांसाठी महाडास तीन दिवस मुक्काम होता. बाजारात प्रयागबाई पटवेकरीण रेशमात दागिने गाठवीत बसते. तिच्या दुकानापुढून जाताना पाहतो तो, ती कलाबतू दुरुस्त करीत होती: रेशमाच्या धाग्यावर रुप्याची चपटी पट्टी, वेढ्याला वेढा लावून, आरशासारखी गुळगुळीत. जी विद्या विलायतेहून यायची ती महाडच्या ओट्यावर, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून चालली होती. मी तिथेच थांबलो. आता 'तार' हा शब्द आपल्याकडे बाजारात उच्चारावा असा नाही. ज्यांची मुले मुंबईच्या गिरण्यांत आहेत त्यांना तार आली म्हणजे कोणीतरी गेले एवढेच कळते. म्हणून मी गीर्वाण शब्द योजला. म्हटले, मुलीच्या संबंधात एक सूत्र करून हवे आहे.

प्रयागबाईचा चेहरा एकदम फुलला. मणी एकपदरी घालू की दोनपदरी, असे तिने विचारले. मणी मुळीच नकोत, बोट अडते, असे मी सांगितले. तिने मण्यांची डबी बाजूला सारली. मग मुंबईची नवी तऱ्हा असेल असे काहीसे पुटपुटली. लांबी विचारली, तेव्हा मी दोन हात म्हणालो. त्यावर, पोरगी लई उंच हाय काय, असा तिचा प्रश्न. मला त्याची संगती लागेना, पण तू उंच आहेस, म्हणून होय म्हणालो. शेवटी आत गर्भाला घालण्यासाठी पोथीच्या दप्तरातून मुरारीची पोलादी तार काढून दिली, तेव्हा तिने ती दोन्ही हातांनी ताणून पाहिली आणि मोठ्या समाधानाने म्हणाली, "झ्याक केलंत, बुवा. पोलादाचं हाय, आता तुटायचं नाय."

वस्तू उत्तम झाली. अंगठ्याचा स्पर्श झालेला, म्हणून राखेने व पाण्याने शुद्ध करून घेतली आणि बिऱ्हाडी आपल्या कीर्तनाच्या वीण्यावर चढवली. बोट वरपासून खालपर्यंत फिरवले. चकार शब्द नाही. नाद मात्र खरोखरच मावळता, शेजघरातून कोणी गुणगुणावे तसा. मला तो आवडला. गाणाऱ्याच्या वरचढ होत नाही.

चौथ्या दिवशी मोटारीने पोलादपुरास उतरलो, तर थांब्यावर सहदेव वाण्याने माझ्या हाती नारळ दिला. घरापर्यंत आणखी सात झाले. प्रयागबाईने भटजीबुवांच्या विनूचे मंगळसूत्र गाठवल्याची वार्ता माझ्या आधी दोन दिवस घाटपायथ्यापर्यंत पोहोचली होती. दासगावच्या मास्तरांनी तर वैशाखातले तीन मुहूर्त सुवाच्य अक्षरात लिहून पाठवले होते. कार्तिकापासून तुझी आई माझ्याशी ताट वाढण्यापुरते बोलत असे. तिने दारातच पायांवर पाणी घातले आणि म्हणाली, "झालं ना एकदाचं तुमचं शास्त्र?" बाजाराचा एक चुकीचा शब्द मी तीस वर्षांत दुरुस्त केल्यावाचून सोडलेला नाही. त्या दिवशी तो तसाच सोडून, आठ नारळ पोटाशी धरून मी घरात शिरलो.

म्हणून हे पत्र. विनू, तुझे लग्न ठरले आहे, हे महाड, पोलादपूर आणि दासगाव या तिन्ही ठिकाणी सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एकट्या तुला, आणि वधूला सर्वांच्या शेवटी कळावे हे कोणत्याही शास्त्रात बसत नाही. माझा राग त्या चिरकण्याचा नव्हता. सारी सभा खाली पाहत असताना एक तू वर पाहत होतीस, त्याच्याकडे; त्याची फजिती आपलीच झाल्यासारखी तुझी मुद्रा होती. व्यासपीठावरून सगळे दिसते. चोवीस वर्षे तुझी ती मुद्रा माझ्या चुकीला होत असे. एवढेच कारण, आणि ते मला तार शोधून शोधून सापडले. आता तुझे मन त्या वेळी होते तिथेच आहे की तीन महिन्यांत हलले, हे मला माहीत नाही. मी विचारलेच नाही. नाही असेल तर तसे लिही. मी स्वतः दारोदार जाऊन नारळ परत करीन, चूक माझ्या शब्दाची होती असे सांगेन, आणि तुला कोणी काही विचारणार नाही. होय असेल तर तेही लिही. तुझ्या आईने उडीद दळून ठेवले आहेत. लग्नाच्या पापडांचे पीठ भिजवायचे किंवा नाही, ते तुझ्या उत्तरावर आहे.

तुझाच,
आप्पा