रासबेरीचा खोडवा

३ जुलै १९४६

दादासो पाचगणीहून रासबेरीची रोपं घेऊन आला! माझा भाऊ तिथे एका बंगल्यावर मोटार चालवतो. ओल्या गोणपाटात काटेरी काड्या, बाकी काही नाही. पण हे आपणहून उठले आणि परसात खड्डे काढले. इटलीच्या लढाईतून आल्यापासून पहिल्यांदा हातात कुदळ धरली! मी चुलीपुढे बसून रडून घेतलं.

१९ जुलै

आज हे पहिल्यांदाच लढाईचं बोलले. कैदेतून पळाल्यावर डोंगरातल्या एका म्हातारीनं ह्यांना गोठ्यात लपवलं होतं. तिच्या घरात पीठ नव्हतं, झुडपाची ही तांबडी फळंच आणून द्यायची. या पावसात वाढलेल्या काठ्यांना शिमग्याच्या सुमारास फळ धरेल म्हणे. "तुमा सगळ्यास्नी एकदा खायला घालतो," म्हणाले, "मग पलटणीत परत जातो. घरात मला झोप लागत न्हाई."

२ सप्टेंबर

काठ्या कमरेला लागल्या. शेणखत मी घालते, पाणी मी घालते — आणि फळ आलं की हे जाणार! वेडी आहे मी. पण त्या झुडपांपायी ह्यांना दोन घास जातात, मग कसं सोडू?

१५ डिसेंबर

काय होऊन बसलं हे! आमचा ऊस तुटून गुऱ्हाळाला गेला. हे वाईच्या बाजाराला गेले होते. मामंजी रानातून आले ते कोयता घेऊन थेट परसात. सगळ्या काठ्या जमिनीलगत छाटल्या! वर उसाचा वाळला पाला, पाचट पसरलं. उसाला आमच्याकडे असंच करतात, तोडला की जमिनीतल्या बुडख्यातून खोडवा, म्हणजे दुसरं पीक, जोमानं येतो. मला हाक मारून कौतुकानं दाखवलं. पोराच्या झाडाला लवकर फळ यावं एवढंच त्यांच्या मनात.

संध्याकाळी ह्यांनी पाहिलं. ओरडतील वाटलं होतं. नुसते उकिडवे बसले. मामंजी सारखे विचारत होते, काय चुकलं रं? शेवटी हे म्हणाले, "आबा, ह्यो ऊस न्हवं. ह्याच काठ्यांला फळ येनार हुतं. आता आनि एक वरीस."

मामंजी जेवले नाहीत. मला मात्र — लिहायलाही लाज वाटते — हलकं वाटलं. एक वर्ष!

७ मार्च १९४७

शिमगा. फळ नाही. हे आहेत.

९ नोव्हेंबर

काश्मीरात लढाई लागली. ह्यांच्याच पलटणीतल्या अर्जुनाला बोलावणं आलं, घरी आलेल्या जुन्या लोकांनाही परत घेताहेत. काठ्या माझ्या डोक्याच्या वर गेल्या. हे रोज त्यांना सुतळीनं बांधतात. शिमग्याला फळ खायला घालतो आणि त्याच आठवड्यात निघतो, असं आज मामंजींना सांगितलं. मी जाऊ नका म्हटलं, तर हसून टाळलं.

२८ नोव्हेंबर

ह्यांनी ट्रंक उन्हात ठेवली. बुटांना तेल लावलं.

४ डिसेंबर

सगळे रानात गेले आणि मी कोयता घेतला. एकही काठी ठेवली नाही. काट्यांनी हात फाटले. पाणी प्यायला आलेले मामंजी कधीचे मागे उभे होते, कळलं नाही. माझ्या हातातला कोयता त्यांनी काढून घेतला.

"हात धुवून घे, पोरी," म्हणाले. "त्यानं इचारलं तर मी केलंय. म्हातारा हाय, इसरलो."