शेणाचं विरजण

इंझोरी,
रविवार, १७ मार्च १९७४

प्रिय गोजरा,

तुला आणि शिरपूरच्या सगळ्या मंडळींना जयभीम. रुपाचे दोन्ही गालांचे मुके घे, आणि मामाच्या खांद्यावरून खाली उतरून थोडं चालायलाही सांग, नाहीतर पोरगी पाय विसरेल. पत्राला सहा आठवडे लागले, हे मी कबूल करतो. एस. टी.त चढताना तू मागे वळून म्हणालीस, "पोरायचं चुकलं का दहादा लिहून घेता. तुमी एकदा लिहून पाठवा, का माहं चुकलं. मंग येतो मी." तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली आणि मला उत्तर द्यावं लागलं नाही. बरंच झालं, कारण तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं, नुसता ताठा होता. तू मागितलेलं ते वाक्य या पत्रात आहे, पण शेवटी आहे. तू आधी शेवटचं पान उघडणार हे मला ठाऊक आहे. तसं करू नकोस, मधल्या पानांत तुझंच नाव जास्त आहे.

माय ठणठणीत आहे आणि माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण चुलीकडे तोंड करून. कापसाच्या पऱ्हाट्या भुर्रकन जळतात, दर दोन भाकरींमागे उठून नवा भारा आणावा लागतो, आणि दर भाऱ्याला ती चुलीला सांगते, "माह्या सुनेच्या गवऱ्या असत्या तं ही येळ नसती आली माय." काल मी म्हणालो, माय, मी इथे बसलोय, मला सांग. तर म्हणाली, "चूल तरी आयकते." म्हैस मात्र मजेत आहे. तिच्या शेणाला गावात एवढा मान कधी मिळाला नव्हता, त्यामुळे ती जरा ऐटीतच चालते असं मला वाटतं.

हे पत्र तू भावाला वाचून दाखवशीलच, म्हणून त्याच्यासाठी थोडं मागचं लिहितो. दिवाळीनंतर रॉकेल मिळेनासं झालं, तेव्हा सातवीच्या वर्गात गंगूने, आपल्या गुराखी ग्यानबाच्या पोरीने, हात वर केला. "सर, तिकडच्या देशानं तेल अडवलं तं आपल्या घरचा कंदील काहून विझते?" प्रश्न बिनतोड होता. मग मी वाशिम स्टेशनच्या रुळाजवळ पडलेला दगडी कोळशाचा तुकडा आणला आणि शिकवलं, की कोट्यवधी वर्षांपूर्वीची जंगलं जमिनीत गाडली गेली, त्यांचा हा कोळसा, आणि समुद्रातल्या बारीक जिवांचं ते तेल. जे साठायला एवढा काळ लागला ते आपण आजा-नातवाच्या हयातीत फुंकून टाकतोय. गंगू म्हणाली, "सरलं मंग?" मी म्हणालो, सरलं की सरलं. "मंग भाकर कायच्यावर भाजाची?" वर्ग हसला. वर तिने विचारलं, एवढा धूर जातो कुठं. मी म्हणालो, वर. "वर म्हंजे कुठी?" हे मला ठाऊक नव्हतं आणि मी तसं सांगितलं. पुढे विज्ञानाच्या एका मासिकात वाचलं, की कोळसा-तेल जाळून हवेत एक वायू साचत चालला आहे आणि त्याने पृथ्वी हळूहळू तापेल अशी काही शास्त्रज्ञांना भीती वाटते. ते वर्गात वाचून दाखवलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, "आपल्या वऱ्हाडात याच्याहून गरम काय होईन, सर?" आपल्या मे महिन्यावर पोरांचा केवढा विश्वास आहे बघ.

तिथून गोबर गॅसचं खूळ डोक्यात शिरलं. मी फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं. म्हैस कडबा खाते, शेण देते, शेणाचा गॅस होतो, उरलेला काला वावरात जातो, वावरातून पुन्हा कडबा येतो. जळायचं ते जळतं आणि तरी काही सरत नाही. आपल्या परसात खड्डा खोदला, विटा लावल्या, जानेवारीत सरकारी योजनेतून ती उलट्या रांजणासारखी लोखंडी टाकी आली. गोजरा, खरं सांगायचं तर या सगळ्याच्या मुळाशी ना कोळसा होता ना कंदील. चुलीपुढून उठताना तू पदराने डोळे पुसतेस आणि बाहेर येऊन क्षणभर तुला काही दिसत नाही, ते मी पाहत आलो होतो. हे सगळं तुझ्या डोळ्यांसाठी काढलं आणि नेमकं तुलाच विचारायचं राहिलं.

आणि मग तो रविवार. तू मंगरूळपीरला लग्नाला गेली होतीस. खड्डा तयार, टाकी तयार, पोरं उतावीळ, आणि एवढं शेण एका दिवसात आणायचं कुठून. माझी नजर तुझ्या गोवऱ्यांच्या ढिगावर गेली. शेण ते शेण, ओलं काय अन् वाळलं काय, असं मी चाळीस पोरांना छातीठोक सांगितलं. दिवाळीपासून तू थापलेला, वाळवलेला, रचलेला तो ढीग, पावसाळाभर पुरणारा. होळीची टोळकी दर वर्षी गावभर गोवऱ्या पळवतात, पण तुझ्या ढिगाला हात लावायची त्यांची छाती होत नाही. तो ढीग तुझ्या नवऱ्याने भरदुपारी लुटला आणि पाण्यात कालवला. एकच गोवरी वाचली, ढिगामागे भिंतीला टेकून राहिलेली. ती माझ्या पुस्तकांच्या फळीवर आहे. कोळशात कधी कधी झाडाच्या पानाचा ठसा सापडतो हे पोरांना पटत नव्हतं, तेव्हा मी ती वर्गात नेली. तुझी पाच बोटं तिच्यात अशी उमटली आहेत की करंगळीचं वाकडेपणही दिसतं. पोरांना जीवाश्म म्हणजे काय ते एका मिनिटात कळलं. आता ती गोवरी वर्गात "गोजराबाईचं जीवाश्म" म्हणून ओळखली जाते. रागावू नकोस, फार आदराने म्हणतात.

तू गेलीस आणि मी टाकीकडे डोळे लावून बसलो. आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. गॅस साचला की टाकी वर उचलली जायला हवी होती, पण ती तसूभर हलली नाही. पोरं सकाळ-संध्याकाळ येऊन तिच्यावर खडूची खूण बघायची आणि माझ्याकडे न बघता निघून जायची. शेवटी सायकल काढून मंगरूळपीरच्या पलीकडे माणिकरावांच्या मळ्यात गेलो. त्यांच्याकडे दोन वर्षांपासून गोबर गॅस चालतो. म्हातारा माणूस, शाळा चौथीपर्यंत. माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मास्तर, वाळल्या शेणात काय जीव रायते? अन् विरजण कायचं घातलं?" गोजरा, मी मटकन बांधावर बसलो. शब्द न् शब्द तुझा. माणिकरावांना वाटलं मला ऊन लागलं, त्यांनी पाणी आणून दिलं.

त्यांनी त्यांच्या खड्ड्यातला काला दुधाच्या दोन कॅनमध्ये भरून दिला. सायकल तिथेच ठेवली आणि एस. टी. धरली. कंडक्टरने विचारलं, "ताक हाय काय मास्तर?" मी म्हणालो, विरजण आहे. खोटं बोललो नाही. पण रस्त्यातल्या एका खड्ड्यात गाडी उडाली आणि एका कॅनचं झाकण टुणकन उडून गेलं. पुढचं तू कल्पनेने बघ. बायांनी पदर नाकाला लावले, एक बुवा खिडकीतून निम्मे बाहेर, ड्रायव्हरने गाडीच थांबवली. उरलेली वाट मी मागच्या पायरीवर, दोन कॅन मांडीशी धरून, कंडक्टरच्या शिव्या खात आलो. प्रत्येक शिवी मला न्याय्य वाटली. तुझ्या गोवऱ्यांची ती फेड होती.

मग निम्मा खड्डा उपसला आणि नव्याने सुरुवात केली. पोरांनी ताज्या शेणाची मोहीमच काढली. डोक्यावर टोपली घेऊन रांगेने यायची, शाळा सुटली की सरळ आपल्या परसात. गंगू तर थेट दौलतरावांच्या गोठ्यात शिरली. दौलतरावांची म्हातारी रुखमाबाई तुला माहीत आहे, जिने आजवर आपल्या वस्तीत पाण्याचा घोट घेतला नाही. तिने गंगूला अडवून विचारलं, "काव पोरी, कोनाकोनाच्या घरचं शेन कालवलं त्याच्यात?" गंगू म्हणाली, "साऱ्या गावचं, आजी. आता तुमच्या गाईचं निवडून वापस आणून देऊ काय?" म्हातारी एवढी हसली की तिला खांबाला धरावं लागलं. दुसऱ्या दिवशी तिच्या घरून दोन टोपल्या आल्या आणि सोबत निरोप, "त्याच्यावर चहा झाला का सांगजा, मी येतो प्याले." रुखमाबाई आपल्या घरी चहाला येते म्हणाली, गोजरा! माय तेवढ्यापुरती माझ्याकडे तोंड करून बोलली. म्हणाली, "कपबशा धुवाले घेतो."

विरजण घातल्याच्या नवव्या दिवशी, सोमवारी सकाळी, टाकी चार बोटं वर आली होती. मी एकटाच होतो आणि लहान पोरासारखा परसात नाचलो, म्हैस साक्षीला आहे. पहिल्या गॅसमध्ये हवा मिसळलेली असते, म्हणून तो सोडून दिला. तेव्हापासून टाकी रोज चढते आहे, आता चांगली हातभर आली. नळी स्वयंपाकघरात आणली, शेगडी तुझ्या चुलीच्या शेजारी बसवली. गाव विचारतं, मास्तर, काडी लावायला मुहूर्त पाहता काय. मी कुणाला लावू दिलेली नाही.

त्याचं कारण हेच आहे आणि या पत्राचंही. सहा आठवडे मी मनाशी घोकत होतो, की गोवऱ्या नासल्या म्हणून तू गेलीस. तेवढं कबूल करायला मला जड नव्हतं. पण तू त्यासाठी गेली नाहीस हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तू लग्नाहून आलीस, कडेवर रुपा, समोर कालवलेला ढीग. तू आरडाओरड केली नाहीस. शेवटच्या गोवऱ्या कालवणाऱ्या पोरांकडे बघून एवढंच म्हणालीस, की वाळल्या शेणात जीव राहत नाही आणि विरजणाशिवाय दही लागत नाही. आणि मी हसलो. "बाई, हे विज्ञान आहे, दह्याचं गाडगं नाही," असं म्हणून हसलो, आणि मास्तर हसले म्हणून चाळीस पोरं हसली. त्या खड्ड्याजवळ एकच जण शास्त्र बोलत होतं, आणि ते मी नव्हतो. काल शनिवारी मी वर्गाला हे सगळं सांगितलं. मग खडू घेतला आणि फळ्यावर दहा वेळा लिहिलं. पोरं मोठ्याने मोजत होती. सहावी ओळ वाकडी गेली म्हणून गंगूने अकरावी लिहायला लावली. तेच वाक्य आता इथे, माझ्या अक्षरात, एकदा लिहितो. गोजरा, तुझं बरोबर होतं. माझं चुकलं. हे भावासमोर, वहिनीसमोर, शेजारपाजारच्यांना बोलावून मोठ्याने वाच, मीही चाळीस जणांसमोरच हसलो होतो. शेगडीच्या बाजूला काड्यापेटी ठेवली आहे. ती अजून कोणी उघडलेली नाही.

तुझाच,
जगदेव