सव्वा मूठ

जळगाव
शनिवार, ९ ऑगस्ट

ती. सौ. आईंना,
मयुरीचा सा. न. वि. वि.

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. सोनगीरच्या कानबाईच्या सणाहून परत आल्यावर गुरुवारी सकाळी मला थोडं रक्त दिसलं. तपकिरी, डागांपुरतं. कळ नव्हती.
२. कारखान्यात न जाता डॉक्टरांकडे गेले. रिक्षाने. स्कूटर काढलेली नाही.
३. सोनोग्राफीत गर्भ दिसला, ठोके दिसले नाहीत. सातवा आठवडा आहे. दिवस मोजण्यात चूक असेल तर ठोके उशिरा दिसतात, असं मॅडम म्हणाल्या. चूक नसेल तर वाढ थांबली आहे.
४. गोळ्या आणि आराम. पुढची तपासणी पुढच्या शनिवारी.
५. तेजसला कळवलं. तो साइटवरून निघत होता, मी तपासणीपर्यंत थांब म्हटलं.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण आबांना कमी ऐकू येतं म्हणून तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि समोरच्या ओट्यावर बेबाकाकू बसलेल्या असतात. हे त्यांनी ऐकावं असं मला वाटत नाही. आणि तुमचाही फोन आलेला नाही. का ते मला कळतं.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घेताना जे झालं त्याबद्दल लिहिणं भाग आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ सुपात पडते, हे लग्नानंतर मी दोनदा पाहिलं आहे. आबांची झाली, तेजसची झाली, चुलत्यांची झाली, आणि तुम्ही आणखी एक मूठ भरून ‘मयुरीचं’ असं म्हणालात. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. तिसरा महिना लागेपर्यंत कोणाला सांगायचं नाही असं आपलं ठरलं होतं. मी म्हणाले की अजून ठोकेसुद्धा दिसले नाहीत आणि तुम्ही मुलगा मोजून मोकळ्या झालात, ती मूठ परत टाका. तुम्ही ती पोत्यात सोडलीत.

कोणाच्या नावाने उचललेलं धान्य परत टाकत नाहीत, हे बेबाकाकूंनी मला नंतर चुलीपाशी सांगितलं. माझा यावर विश्वास नाही. गव्हाचा आणि रक्ताचा संबंध नाही. पण मी तसं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. तुम्हाला आत बोलावून सांगता आलं असतं.

आबांना नमस्कार. राग असला तरी चालेल, माया तेवढी ठेवा.

आपली,
मयुरी


सोनगीर
मंगळवार, १२ ऑगस्ट

चि. सौ. मयुरीस,
कुंदाबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. पोस्टमनने हाक मारली तेव्हा आबाच ओट्यावर होते. त्यांना वाटलं बँकेचं असेल. मी मागच्या दारी जाऊन वाचलं. मग त्यांना सांगावंच लागलं. त्यांनी एवढंच विचारलं, पोर बरी शे ना? दुपारी जेवले नाहीत.

सातवी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, तुझ्यासारखे आकडे घालून मला लिहिता येत नाही. मनात येईल तसं लिहिते.

पोरी, गोळ्या वेळेवर घे. पाण्याची कळशी उचलू नको. तू म्हणशील आमच्याकडे नळ आहे. तरी उचलू नको. तुझ्या त्या कारखान्यात पाइप फुटेपर्यंत आत पाणी दाबून बघतात असं तेजस सांगत होता. माणसाचं तसं करू नये, स्वतःचंसुद्धा. रडू आलं तर रडावं.

आता मुठीचं. तू मुलगा म्हणालीस. मी म्हणाले नव्हते. आपल्या घरात बाईच्या नावाने मूठ घेत नाहीत. मी पस्तीस वर्षं सगळ्यांचे रोट भाजले, माझ्या नावाचा दाणा त्यात कधी पडला नाही. त्या दिवशी सूप हातात घेतलं आणि मनात आलं, तुझ्या पोटात जे आहे त्याची घ्यावी. मुलगा असो, मुलगी असो. एकदा पडली की पुढे मुलगी झाली तरी कोणी काढून टाकणार नाही. म्हणून मयुरीचं म्हणाले. बेबाबाई समोर होती म्हणून मुद्दाम मोठ्याने म्हणाले. तिने लगेच डोळे वटारले होते, तू तिकडे पाहिलं नाहीस.

ते तुला आधी विचारायला हवं होतं. ठरलेलं मोडलं ते मी. तू परत टाका म्हणालीस त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. बेबाबाईने दोन दिवस मला ऐकवलं, सून शिकेल शे, तिले बठ्ठं समजस. शिकलेल्या सुनेला सगळं कळतं म्हणे. पण आता रात्रंदिवस एकच वाटतं, मीच घाई केली. अजून नीट रुजलं नव्हतं आणि मी ते चार बायकांच्या नजरेत आणलं. फोन केला नाही तो रागाने नाही. अशी घाई का केली, असं तू विचारलं असतंस तर काय सांगणार होते?

शनिवारचं काय झालं ते कळव. चांगलं असेल तर फोन कर, आबांना ऐकू दे. नाहीतर लिही.

जीव लावून आहे, विसरू नकोस.

तुझी आई,
कुंदाबाई


जळगाव
रविवार, १७ ऑगस्ट

ती. सौ. आईंना,
सा. न. वि. वि.

लिहितेय, म्हणजे तुम्हाला कळलंच असेल.

काल ठोके नव्हते. गर्भ आठवड्यापूर्वी होता तेवढाच आहे. दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवलं, त्यांनीही तेच सांगितलं. दिवस मोजण्यात चूक नव्हती. मी दिवस लिहून ठेवले होते, तरी आठवडाभर मलाही चूकच असावी असं वाटत होतं.

मॅडमना मी विचारलं की हे कशाने होतं. त्या म्हणाल्या, इतक्या लवकर जातं तेव्हा बहुतेक वेळा बीज जुळतानाच काहीतरी चुकलेलं असतं. प्रवासाने, कामाने, कोणाच्या बोलण्याने असं होत नाही. म्हणजे तुम्ही मूठ घेतलीत तेव्हाही ते ठरलेलं होतं, आणि मी परत टाकायला लावली तेव्हाही. हे तुमच्यासाठी लिहिलं. लिहून झाल्यावर मी ते माझ्यासाठी पुन्हा वाचलं.

पण तुमचं पत्र वाचल्यापासून दुसरीच गोष्ट मनातून जात नाही. तुम्ही मयुरीचं म्हणालात आणि पुढचं मी माझ्या मनाने भरलं. मुलगाच हवा असणारी सासू मी आधीच ठरवून आले होते. कामावर एखादा पाइप न तपासता बाद केला तर मला जाब द्यावा लागतो. तुम्ही माझ्याकडे जाबही मागितला नाही. तुमच्या घरात पहिल्यांदा कोणीतरी ती मूठ घेत होतं, आणि ती मी थांबवली. याबद्दल मॅडम काही सांगू शकत नाहीत.

मी ते बाळ कधी बाळ म्हटलं नाही. गर्भ म्हटलं, रिपोर्टमध्ये असतं तसं. आता म्हणावंसं वाटतं.

येत्या शुक्रवारी मला दवाखान्यात दाखल करून पिशवी साफ करणार आहेत. संध्याकाळी घरी सोडतील. तेजस गुरुवारी रात्री पोहोचतो. पहूरहून माझी आई यायला तयार आहे, तिला मी अजून हो म्हटलेलं नाही. त्या दिवशी पोळा आहे, बैलांचं आणि नैवेद्याचं सगळं तुमच्यावर असतं, घर सोडून निघालात तर बेबाकाकू कारण विचारतील. मला सगळं माहीत आहे. कोणी नाही म्हणून मी बोलावत नाही. तुम्ही जवळ असावं असं वाटतं म्हणून विचारते.

काकूंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. खरं सांगितलंत तरी माझी हरकत नाही.

आबांना जेवायला लावा. माझ्यावरची माया कमी झाली असेल तर तसंही लिहा, पण लिहा.

तुम्ही याल की नाही, ते गुरुवारपर्यंत कळवा.

तुमची,
मयुरी