फोनवरचा पंजा

१४ फेब्रुवारी, दुपार
लाँड्रीचा मागचा जिना

दादास,

नमस्कार. मी बरी आहे, जेवते, झोपते, चपला अजून त्याच आहेत. वहिनीला सांग, तिची शाल हरवलेली नाही, फक्त कुठल्या बॅगेत आहे ते ठाऊक नाही.

रंगाचं दुकान सोडलं. भिंगरी पुन्हा फिरली म्हणशील. मालक वाईट नव्हता, पण दिवसभर पांढऱ्याच छटा दाखवायच्या, गिऱ्हाइकाला त्यांतला फरक पटवायचा आणि आपल्यालाच तो दिसायचा नाही. आता लाँड्रीत इस्त्रीला आहे. मालकीण मला ‘पाहुणी’ म्हणते. वाफेनं केस कुरळे झालेत.

हे सगळं नव्हतं लिहायचं. फोनवर तुला अर्धंच सांगितलं होतं.

आमच्या लाँड्रीसमोर एक टेम्पो वाट अडवून उभा होता. हवालदार तो हलवायला सांगत होते. चालक प्यायलेला, मागच्या फळीवर चढून भाषण देत होता. आवाज चढले तशी मी पायरीवरून व्हिडिओ घ्यायला फोन धरला. हवालदार त्याला सोडून तरातरा माझ्याकडे आले.

“बंद कर ते.”

“काका, मी लांब उभी आहे. तुमच्या कामात कुठे येतेय? रस्त्यावरचं सगळ्यांनाच दिसतंय, मग टिपलं तर काय बिघडलं?”

“मला कायदा शिकवतेस?” म्हणत त्यांनी फोनवर पंजाच ठेवला. तेवढ्यात मागे धप्प. चालक पडला, मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं तक्रार दिली, हवालदारानं पाय धरून खाली ओढलं म्हणून. हवालदार निलंबित. त्यांनी आपल्या जबाबात लिहिलं, मी कामात अडथळा आणला, आणि त्यांनी माझ्या फोनला बोटही लावलं नाही.

तुझा सल्ला तेव्हाचा. “पुसून टाक, गाडी पकड, घरी ये. आमच्या पोलीस खात्यात बहिणीचं नाव गाजायला नको.”

मंगळवारी हवालदार दुकानात आले. साधे कपडे, हातात वर्दी.

“कडक इस्त्री हवी.”

“घालणार कधी?”

“ते तुझ्या फोनवर काय आहे त्यावर आहे.”

मी दाखवलं. आधी त्यांचा चेहरा, मग पंजा, मग नुसता काळोख, आणि त्या काळोखात धप्प. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं.

“तो पडला तेव्हा माझा हात तर इथे आहे,” ते हळूच म्हणाले.

“इथेच आहे. पण फोनला हात लावलाच नाही, असं तुम्ही लिहून दिलंय.”

“ते बदललं तर दुसरी चौकशी लागेल.”

“लागेल. माझ्यावरच्या अडथळ्याचं काय?”

त्यांनी वर्दी माझ्याकडे सरकवली. इस्त्री तापली होती म्हणून मी वर्दी पसरली. खिशाची शिवण उसवलेली निघाली. मालकीण येऊन टाका घालून गेली. छान घालते टाका, उलट बाजूनं पाहिला तरी कळत नाही.

काल ते परत आले. “लिहून दिलं. पंजाचंही आणि तुझंही. आता तू येशील ना?”

चौकशी पुढच्या महिन्यात आहे. तोवर एकाच ठिकाणी राहायचं, हे मालकिणीला सांगितलं तर म्हणाली, “पाहुणी, तुला जमेल का ते?”

तर दादा, पुसलं नाही. तू काढलेलं तिकीट परत कर. रागावशील, ते धरूनच चाललेय.

हवालदार तसे वाईट नाहीत. त्या दिवशी मला टिपू दिलं असतं, तर चालक आपणहून घसरला ते सगळं दिसलं असतं, आणि माणूस आज कामावर असता. तूही रोज रस्त्यावर उभा असतोस. कुणी समोर फोन धरला तर धरू दे. साक्ष द्यायला मी तिथे नसणार.

सध्या इथेच मुक्कामाला असलेली,
भिंगरी