शेपटीचा उल्लेख नाही

३ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही खरं मानत नाही, असं तुमची धाकटी म्हणते. म्हणून पत्र. खुब्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं थोरल्या ताईंनी कळवलं. आता चांगले चालू लागेपर्यंत त्यांच्याकडेच राहा, घाई नको.

तुमची मांजर ठमी आमच्याकडे आल्या आल्या कपाटाखाली गेली ती दोन दिवस बाहेर आलीच नाही. काल मी पाटी रंगवत असताना स्टुलाशेजारी येऊन बसली आणि शेपुट हलवू लागली. आमच्याकडे लहानपणापासून कुत्री. शेपुट हलली की जीव खूश, एवढंच मला ठाऊक. मी पाठीवरून हात फिरवत राहिलो, तिची शेपुट आणखी जोरात, मला वाटलं जमली मैत्री. मग तिनं मनगटाला असा चावा घेतला की ब्रश उडाला. पळताना ती चष्म्याच्या दुकानाच्या ओल्या पाटीवरून गेली आणि 'चष्मे'तला 'च' पुसला गेला. दुकानदार भला माणूस. म्हणाला, चष्मा नसला की असंच दिसतं.

ती खूश होती तर चावली का, तेवढं कळवा.

लोभ मागायचं धाडस होत नाही. राग तेवढा नसावा.

आपला,
जावई

९ फेब्रुवारी

श्री. जावईबापू यांसी,
स. न. वि. वि.

पहिली गोष्ट, शेपूट. पू दीर्घ. आपण सगळीकडे ऱ्हस्व काढला आहे. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, नजर तिथेच जाते. आपली ओळखही 'दुरूस्ती' अशा पाटीवरूनच झाली होती. दुरुस्तीतच चूक करणाऱ्याला मुलगी कशी द्यावी, या विचारात मी महिनाभर होतो.

दुसरी गोष्ट, ती खूश नव्हतीच. मांजर म्हणजे कुत्रा नव्हे. शेपूट डावीकडून उजवीकडे झोडपते तेव्हा ती म्हणत असते, पुरे, हात काढा. त्याआधी ती जमिनीवर हलकेच आपटते, ती पहिली सूचना. नुसतं टोक वळवळत असेल तर तिचं लक्ष भलतीकडे आहे, मध्ये बोलू नये. कपाटाखाली ती शेपूट पोटाशी घेऊन बसली असेल. तेव्हा ती भ्यालेली होती, आणि तुम्ही वाकून वाकून बघितलं असणार. बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुगली तर आपणच खोलीबाहेर जावं.

शेपूट उभी आणि टोकाला बाक, म्हणजे 'आलात का, बरं झालं.' कधी त्या उभ्या शेपटीला बारीक थरथर सुटते. तो मान मला इतक्या वर्षांत मोजक्या वेळा मिळाला. आपण अपेक्षा ठेवू नये.

लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

आपला,
धाकटीचे वडील

२१ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

शेपूट. पू दीर्घ काढला आहे, तपासून घ्या.

तुमचं पत्र स्टुलासमोर भिंतीला चिकटवलंय. आता तिनं शेपूट आपटली की मी हात मागे घेतो. तीही मला माफ केल्यासारखी पाटीखालीच झोपते. परवा मी बाजारातून आलो तर ती दारापर्यंत आली, शेपूट उभी, टोकाला बाक! मी पिशवी हातात तशीच धरून हिला हाक मारली. ही म्हणाली, मी चार वर्षं रोज दार उघडते, त्याचं कौतुक कधी कोणाला पत्रानं कळवलंत?

पायाचा व्यायाम चुकवता असं ताई म्हणतात. मी चुगली वाचली, केली नाही.

लोभ थोडा वाढला असेल तर कळवू नका, तसाच ठेवा.

आपला,
जावई

६ मार्च

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. ठमी बरी आहे. जेवते, झोपते, खिडकीत बसते. ऊन वाढलं आहे. हिची रात्रपाळी संपली, आता दवाखान्यात दिवसाची ड्यूटी. आपण काठी घेऊन उभे राहिलात हे ऐकून आनंद झाला. काळजी घ्यावी.

लोभ असावा.

आपला,
जावई

१९ मार्च

श्री. जावईबापू यांसी,
स. न. वि. वि.

आपलं ६ तारखेचं पत्र आणि त्यानंतरचं कार्ड तीनतीनदा वाचलं. एकही चूक सापडली नाही. तिथेच शंका आली.

आधी ठमीचं नाव आलं की मागोमाग शेपूट यायची. आता ठमी जेवते, ठमी झोपते, शेपटीचा उल्लेख नाही. प्रथम वाटलं, माझ्या धाकानं शब्दच टाळताय. पण त्याआधीच्या पत्रात तो बरोबर लिहून आपण मिरवलाही होता. चुकलेलं अक्षर कोणालाही दिसतं. गळलेलं ओळखायला आमच्यासारखा लागतो.

शेपटीला काय झालं? धाकटीला विचारून नव्हे, आपण स्वतः लिहावं.

उत्तराची वाट पाहतो.

धाकटीचे वडील

२३ मार्च

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

शेपूट गेली, बाबा.

फेब्रुवारी संपता संपता झालं. रंगाचा वास जावा म्हणून पुढच्या दाराला डबा टेकवून ते उघडं ठेवलं होतं. मला तोच डबा लागला, मी उचलला, आणि वाऱ्यानं दार आपटलं. ठमी त्याच वेळी आत येत होती. माझ्याकडेच, शेपूट उभी करून.

तिचा तो आवाज मला लिहिता येत नाही. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी शेपटीला सुई टोचून पाहिली, ठमीनं मागे वळूनही बघितलं नाही. त्या म्हणाल्या, हाड तुटलंय, पुढच्या भागात जीव नाही, ठेवली तर सडेल आणि विष वर चढेल. संध्याकाळपर्यंत सांगा म्हणाल्या. मी तुम्हाला फोन करायला घेतला. पण त्याच दिवशी तुम्ही पहिल्यांदा उभे राहणार होतात. फोन खाली ठेवला आणि त्यांना हो म्हणालो.

बाबा चालू लागेपर्यंत सांगायचं नाही, असं ही म्हणाली. काळजीनं पेशंट खचतात हे ती रोज बघते. पण पत्रं मी लिहीत होतो, तेव्हा लपवलं मीच. आता बोटभर खुंट उरलाय. टाके निघालेत. शेपटीच्या मुळाशी नस दुखावली तर लघवी अडते म्हणे, ती भीती होती, पहिला आठवडा आम्ही दोघं आळीपाळीनं तिच्यावर डोळा ठेवून होतो. तसं काही झालं नाही.

तुम्ही जे म्हणाल ते ऐकून घेईन.

आपला,
जावई

८ एप्रिल

श्री. जावईबापू यांसी,
स. न. वि. वि.

लगेच लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं, म्हणून थांबलो.

डबा उचलताना मागे बघायला हवं होतं. ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त टोचत असणार, पुन्हा लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंना मीही हो म्हटलं असतं. राग त्याचा नाही. माझा पाय मोडला आहे, डोकं जागेवर आहे. थोरलीला विचारलं तर तिलाही सगळं ठाऊक! मी दोन पावलं टाकली की ती टाळ्या वाजवायची, आणि माझं मांजर तिकडे शुद्धीवर येत होतं. लोणच्याच्या बरणीसारखं मला कोणी जपू नये.

आता एक विचारतो. नको असलं की ती कसं सांगते? तिचं सांगणं कोणाला कळेना तर ती चावरी होईल, आणि चावरं मांजर कोणाला नको असतं. तिच्याकडे नीट बघून लिहा. पाट्या थांबतील.

धाकटीचे वडील

१७ एप्रिल

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आठवडाभर बघितलं. कान आडवे पडले, विमानाच्या पंखांसारखे, की हात काढायचा. पाठीची कातडी लहरली की उशीर झालेला असतो. घाबरली की सबंध अंगच जमिनीला चिकटवते. एकदा चावली, पण कान आधीच पडले होते. मी पाटीकडे बघत होतो.

फळीवरून दोनदा पडली. तिसऱ्यांदा उडी मारायच्या आधी बराच वेळ अंतर निरखत बसली आणि बरोबर पोचली. आम्ही दोघांनी श्वास सोडला.

आणि मी बाहेरून आलो की ती दाराशी येते, तो खुंट उभा करते. सबंध शेपूट आहे अशा थाटात. त्या खुंटाला काल थरथर सुटली होती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लिहिणार नव्हतो, पण आता काही गाळायचं नाही असं ठरवलंय.

लोभ असेल नसेल, तुम्ही लवकर या.

तुमचा,
जावई

३० मे

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुमच्याकडून ठमीला घेऊन घरी आलो त्याला दहा दिवस झाले. तू लिहिलंस ते सगळं खरं निघालं. माझे डोळे मात्र सवयीनं मागेच बघतात, त्यामुळे डाव्या हातावर तीन ओरखडे आहेत. चूक माझी.

काल दुपारी ती गॅलरीच्या कठड्यावर चढली. पूर्वी रोज चालायची, पण तेव्हा तोल सांभाळायला शेपूट होती. आणि घर तिसऱ्या मजल्यावर. मधोमध तिचे मागचे पाय घसरले. मला खुर्चीतून उठता येईना, आणि ओरडलो तर ती दचकेल, म्हणून तोंडावर हात धरून बसलो. तिनं नखं रोवली, आतल्या बाजूला उडी टाकली आणि काही झालंच नाही असं अंग चाटायला बसली.

जिना मला झेपत नाही. आल्यापासून मी एकदाही खाली उतरलेलो नाही. थोरलीला फोनवर सांगतो की रोज फिरायला जातो. तुला खरं लिहितो, कारण लपवण्याबद्दल तुला चार शब्द मीच सुनावले आहेत.

तुझ्या तळमजल्यावरच्या खोलीत पाट्यांच्या मध्ये एक खाट मावेल का? पाट्या हलवू नकोस, मला रंगाच्या वासाचा त्रास नाही. लोकांना सांगताना म्हातारा मांजरासाठी आला असंच सांगायचं. धाकटीला खरं काय ते कळेल, तिला काही सांगावं लागत नाही. तिचं मन असेल तरच कळव. तुझं मला कळलं आहे.

लोभ असावा, असं लिहायला हात गेला होता. राहू दे. एका घरात राहू लागलो की आहे की नाही ते रोज दिसेलच.

तुझा,
बाबा