गुरुवारचा वर्ग आणि माझी झडप

मी, या घराची मालकीण, वय सदुसष्ट पूर्ण, धंदा दातांच्या कवळ्या बनवणे (आता बंद), विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण या वयात नाचायला जाणाऱ्या बाईचे डोके ठिकाणावर असते हे आमच्या घरात सगळ्यांना पटत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. थकवा मात्र आहे. हे लिहिताना मी दोनदा आडवी होऊन उठले, त्यामुळे अक्षर मध्येच बदललेले दिसले तर कोणी शंका काढू नये. नवरा गेल्यावर घाईघाईत केलेले जुने मृत्युपत्र मी रद्द करते.

एक. वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची माझ्या एकुलत्या एक मुलाला. गच्चीच्या कोपऱ्यात पाणी मुरते. ते त्याला गेली सहा वर्षे सांगते आहे, आता लिहूनही देते.

दोन. बँकेतली ठेव आणि माझ्या दोन बांगड्या सुनेला. ती या घरात आली तेव्हा माझ्याकडे कामाचा ढीग होता आणि मी तिच्याशी आठवडाभर धड बोललेही नाही. तिने ते मनात ठेवले नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

तीन. मेण कोरायच्या सुऱ्या, चिमटे, साचे आणि घासायची मोटार मागच्या गल्लीतल्या कवळीवाल्याला. हा माणूस वीस वर्षे गिऱ्हाइकांना सांगत आला की बाईच्या हातची कवळी जेवताना निसटते. त्याच्या स्वतःच्या तोंडात माझ्या हातची कवळी आहे. त्याने केलेली त्यालाच बसेना, तेव्हा त्याच्या दातांच्या डॉक्टरांनी गुपचूप माप माझ्याकडे पाठवले होते. अकरा वर्षे झाली, निसटलेली नाही. आता त्याला कळायला हरकत नाही. हत्यारे त्याने नीट वापरावीत, हात त्याचाही चांगला आहे.

चार. माझी आरामखुर्ची नणंदेला. मी नाचाच्या वर्गाला जाऊ लागले तेव्हा तिने सगळ्या नातेवाइकांना फोन करून ‘वहिनीला म्हातारचळ लागलाय’ असे कळवले, आणि मला म्हणाली, “आता गप एका जागी बस की गं!” मी तर बसले नाही. तिने बसावे.

पाच. तळमजल्यावरची खोली, जिथे मी चौतीस वर्षे कवळ्या घडवल्या, ती नाचाच्या वर्गाला वापरायला द्यावी. वर्ग चालेल तोवर त्यांची, नंतर मुलाची. सध्या वर्ग रंगाच्या दुकानावर दोन जिने चढून भरतो आणि निम्म्या लोकांचे गुडघे पहिल्या जिन्यातच बोलू लागतात.

या कलमावर वाद होणार, म्हणून कारण लिहून ठेवते. अठ्ठावन्नाव्या वर्षी माझी मान धरली. डॉक्टर म्हणाले, “बाई, तुम्ही टेबलावर वाकून वाकून टेबलासारख्याच झालात. जरा हातपाय हलवा.” म्हणून गेले. शिकवणारे मास्तर पूर्वी बसकंडक्टर होते. अजूनही ‘पुढे सरका, पुढे जागा आहे’ असेच ओरडतात आणि खिडकीच्या गजावर टकटक करून ताल देतात. नाच जोडीचा. एकाने न्यायचे, दुसऱ्याने त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर मागे मागे यायचे. वर्गात चौदा बायका आणि तीन पुरुष. मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाले, “तुम्ही उंच. तुम्ही नेणाऱ्यांत उभ्या राहा.” नेणाऱ्यांच्या मनगटाला लाल फीत बांधतात, ती मला बांधली. जोडीला एक निवृत्त नर्सबाई दिल्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या.

आनंदासाठी मृत्युपत्रात वेगळे कलम नसते, म्हणून तो इथेच नोंदवते. पहिले तीन महिने मी नर्सबाईंच्या पायांवर उभी होते. त्या म्हणायच्या, “राहू द्या हो, दहा बोटं आहेत.” मग एका गुरुवारी वळण जमले. घरी जाताना फुटपाथवर मी ते पुन्हा करून पाहिले, आणि फळवाल्याने हातातला तराजू खाली ठेवून बघितले. बघू दे. चौतीस वर्षे मी लोकांच्या तोंडात काय बसेल एवढाच विचार करत आले होते, आणि मला पाठ आहे, कंबर आहे, टाचा आहेत हे त्या दिवशी कळले. नवरा गेल्यापासून माझा हात हातात धरून कोणी तासभर उभे राहिले नव्हते. वर्गात ते दर आठवड्याला होते आणि त्याबद्दल कोणी काही विचारत नाही. मी तिथे फार सुखात असते. जाताना दमलेली असते, येतानाही दमलेली असते, पण येतानाचे दमणे माझे स्वतःचे असते.

सहा. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. डॉक्टरांनी गेल्या वर्षी सांगितले की ऑपरेशनची खात्री देता येत नाही आणि जिने, नाच बंद करायला हवेत. त्यावर मुलगा म्हणाला, “उद्या तुला काही झालं ना आई, तर त्या कंडक्टरला कोर्टात खेचतो की नाही बघ. त्या वर्गाला टाळं लावल्याशिवाय मी राहणार नाही.” तो बोलतो ते करतो. म्हणून स्पष्ट लिहिते: मला वर्गात, जिन्यावर किंवा वाटेत काहीही झाले, तर त्याची जबाबदारी पूर्णपणे माझी. मास्तरांना झडपेचे माहीत आहे. त्यांनी दोनदा माझी फी परत केली, मी दोनदा ती त्यांच्या खिशात कोंबली. त्यांना, नर्सबाईंना किंवा वर्गातल्या कोणालाही कोणी बोल लावू नये.

सात. पण मुलाचा राग झडपेवरून नाही हे मला ठाऊक आहे, आणि तो राग सहाव्या कलमाने जाणार नाही. म्हणून हे कलम कायद्याच्या भाषेत न लिहिता, बाळा, तुलाच लिहिते.

तीन वर्षांपूर्वी तुला बढती मिळाली, तुझ्या ऑफिसने सगळ्यांच्या घरच्यांना बोलावले. जेवणाआधी गाणी लागली आणि तू माझ्यासमोर येऊन हात पुढे केलास. “चल आई,” म्हणालास. मी उठले. आणि पायांना जे ठाऊक होते तेच त्यांनी केले. तुझ्या पाठीला हात लावला आणि तुला मागे ढकलत नेले. तू थांबायचा प्रयत्न करत होतास, मला वाटले ताल चुकतोय, म्हणून मी आणखी घट्ट धरले. तू ताटांच्या टेबलावर आदळलास. तुझे साहेब पोट धरून हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात तुझे नाव ‘रिव्हर्स गिअर’ पडले. तू चार महिने माझ्याशी बोलला नाहीस. मग एकदाच बोललास: “आयुष्यभर तू मला असंच नेलंस.”

मी तेव्हा उलट म्हणाले की एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करू नकोस. दोन वर्षे तेच म्हणत राहिले. मग सुनेने सांगितले की त्या कार्यक्रमाआधी तीन आठवडे तू खोलीचे दार लावून तिच्याबरोबर पावले शिकत होतास. तुला मला न्यायचे होते. हे मला माहीत नव्हते रे. माहीत असते तरी जमले नसते, कारण मला येणारीची पावले येतच नव्हती. तुझे बाबा गेले तेव्हा तू कॉलेजात होतास, आणि तेव्हापासून या घरात मी एकटीच नेणारी होते. तुझे चुकले नव्हते. माझे चुकले. मला माफ कर.

डॉक्टरांनी बंद करा म्हटल्यावरही मी का जाते, हे तू विचारलेस आणि मी ‘माझी मर्जी’ म्हणून तोंड फिरवले. खरे कारण हे आहे: त्याच आठवड्यात मी लाल फीत सोडून नर्सबाईंच्या मनगटाला बांधली. गेले आठ महिने त्या मला नेतात आणि मी येणारीची पावले शिकते. फार अवघड आहे. समोरच्याच्या हातातून कळेपर्यंत थांबायचे असते, आणि मला थांबता येत नाही. नर्सबाई म्हणतात, “अहो, ढकलू नका, मी आहे ना.” गेल्या गुरुवारी पूर्ण एक गाणे मी कुठेही ढकलले नाही. गिरकी अजून चुकते.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात हे मला ठाऊक आहे. पण गेल्यावर हे कलम माझ्या काही कामाचे नाही. म्हणून याची एक प्रत मी आजच सुनेच्या हाती तुला पाठवते. वर्गाला दोन जिने आहेत, सावकाश चढ.

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रात काहीही मिळत नाही आणि ज्यांच्यासमोर मी सही केली:

१. आमचे डॉक्टर. (सही) यांनी सही करण्यापूर्वी सहावे कलम दोनदा वाचले आणि मला पुन्हा एकदा रागावले.

२. शेजारीण, वह्या बांधणारी. (सही)

मृत्युपत्र करणारी: (सही)

ठिकाण: राहते घर, तळमजल्यावरची खोली.
दिनांक: ९ मार्च, गुरुवार, दुपारचे तीन. वर्ग साडेपाचला असतो.